बिनसाखरेचे लाडू

गोड गोळी टाकलेला चहा पहिल्यांदा प्यायलो त्या सकाळी मी तो घोट बेसिनमध्ये थुंकला. चहा गोड होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. साखर जिभेवर येते, घोटाबरोबर खाली उतरते आणि विषय संपतो. ही गोळी उशिरा पोचते आणि पोचली की हलत नाही. टाळूला, दातांच्या मुळाशी, घशाच्या तोंडाशी बसून राहते, आणि पाव तासाने नवी कल्हई केलेलं भांडं चाटल्यासारखं वाटायला लागतं. मी तीन वेळा चूळ भरली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“होईल सवय,” ती म्हणाली.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. सवय झालेली नाही. थुंकायचं तेवढं बंद झालं.

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. सहकारी संस्थांचे हिशेब तपासणं हे माझं काम, त्यामुळे आकडा दिसला की तो खरा का खोटा हे बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मूळ गाव मात्र कराडच्या बाजूला, नदीकाठचं. थोडका पण पाण्याखालचा ऊस आहे. हंगाम सुरू झाला की मळीचा आंबूस वास गावावर बसतो आणि अंथरुणापर्यंत येतो. दिवाळीच्या तोंडावर कारखान्याची सभासदांची साखर पोत्यानं घरी येते. उन्हातून आलेल्या माणसाला पाण्याबरोबर गुळाचा खडा, पोरगं पास झालं की चिमूटभर साखर, तेराव्यालासुद्धा पानात गोड. आम्ही भावंडं अशा घरात वाढलो. गोड म्हणजे ऊस, म्हणजे साखर, गूळ आणि काकवी. एवढ्यावर यादी संपली. त्यापलीकडे गोड काही असतं हे आमच्या डोक्यात शिरलेलंच नव्हतं. पुढचं सगळं याच समजुतीपायी झालं.

गोळीनंतर मी पुडी आणली, पुडीनंतर थेंब आणले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून कुंडीत स्टीव्हियाचं रोप लावलं. त्याचं पान चावलं की आधी गवत, मग ज्येष्ठमध, मग पुन्हा गवत. चहात टाकलं तर चहाला कोमट काढ्याची कळा येते. बिस्किटं आणली. पाकिटावर मोठ्या अक्षरांत साखर शून्य, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत मैदा, पाम तेल आणि कर्बोदकं शंभरात सत्तर. चार बिस्किटं खाऊन दोन तासांनी बोट टोचून बघितलं. आकडा साठाने चढलेला. म्हणजे साखर नाही हे खरं होतं आणि तरी पाकीट खोटं बोलत होतं. माझ्या धंद्यात असले ताळेबंद खूप बघितलेत.

मिठाईच्या दुकानात दिवाळीला एक वेगळं कपाट असतं. त्यातली बर्फी नेहमीच्या बर्फीच्या दीडपट महाग. खवा तोच, तूप तेच, फक्त साखरेच्या जागी एक पांढरी भुकटी. ती खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी मी एका संस्थेच्या संचालकांसमोर बसलो होतो आणि पोटातून असे आवाज यायला लागले की अध्यक्षांनी पंखा बंद करायला सांगितला. त्यांना वाटलं पंखाच वाजतोय. मी तीनदा उठून गेलो. ती भुकटी आतडं शोषून घेत नाही, हे मला नंतर डबा उलटा करून वाचल्यावर कळलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

बायकोने एका होळीला माझ्यापुरतं वेगळं पुरण शिजवलं, त्या भुकटीचं. गूळ पडला की पुरण सैल होतं, मग आटतं, मग पातेल्याची कड सोडतं. हे पुरण सैलही झालं नाही आणि आटलंही नाही. डाळीचा भुगा तसाच राहिला. तिने तो पाण्याचा हात लावून कसाबसा पोळीत भरला. पहिला घास मी पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला. दुसऱ्या घासाला तीच म्हणाली, “नका खाऊ. मीच चाखून बघितलंय. कुत्र्यानंसुद्धा हुंगून सोडलं असतं.”

पण इच्छा मरत नाही. मधुमेह नसलेल्या माणसाला हे सांगून कळत नाही. भूक ही वेगळी गोष्ट, ती भाकरीने जाते. ही इच्छा जेवण झाल्यावर येते, पोट भरलेलं असताना. तोंडाला पाणी सुटतं, बोटं नुसतीच हलत राहतात, चिडचिड होते. एकदा पाहुणे जेवून गेले, बायको त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली होती. टेबलावर गुलाबजामच्या रिकाम्या वाट्या होत्या, तळाला पाक. दुसऱ्याच्या उष्ट्या वाटीत मी बोट फिरवलं आणि चाटलं. एका वाटीत कुणाच्या तरी मिशीचा केस होता. तोही मी बोटाने बाजूला सारला. हे लिहिताना अजून मळमळतं. पण तेव्हा मळमळलं नव्हतं.

वर लोक. आपल्याकडे माणसाला गोड खायला घालणं हा प्रेमाचा नव्हे, मालकीचा व्यवहार आहे. गावाकडच्या एका लग्नात पंगतीत बसलो होतो. माझा चुलतभाऊ, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, स्वतःला साखर असूनही हातात जिलेबीचं ताट घेऊन वाढत होता.

“धर रं.”

“नको दादा. साखर आहे मला.”

“आन् मला काय मीठ हाय व्हय? दोन गोळ्या जास्तीच्या घ्यायच्या आन् हाणायच्या. डरपोक साला. पलटणीत असतास तर पहिल्या दिवशी घरी धाडला असता.”

पंगत हसली. जिलेबी पानात पडलीच. पाक वरणात मिसळला, वरणातून भातात. मी पान तसंच टाकून उठलो. मागून कुणीतरी म्हणालं, “शहरात ऱ्हाऊन लय नाटकं शिकलाय.” त्या भावाची आता एक बाजू चालत नाही. त्याला भेटायला जाणारे अजून पेढे घेऊन जातात, आणि तो ते एका हाताने खातो.

गेल्या हिवाळ्यात मी नवी चप्पल घेतली. डाव्या पायाच्या करंगळीला ती लागत होती, असं दिसलं. लागत होती असं वाटलं नाही, कारण त्या पायाला वाटणं बऱ्याच दिवसांपासून कमी झालं होतं. थंडीसाठी घातलेला मोजा काढला तेव्हा तो करंगळीपाशी चिकटला आणि पिवळा डाग पडला. आत खड्डा. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, कडा पांढऱ्या.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी चिमट्याने खड्ड्याच्या तळाला टोचलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. टोचलेलं मला कळलंच नव्हतं.

“काका, हे भरू शकतं. पण रक्तात एवढी साखर असताना भरणार नाही. उपाशीपोटी दोनशे दहा आहे. ती एकशे तीसच्या आत आणा. इन्सुलिन वाढवते. नाही आली तर करंगळी काढावी लागेल, आणि करंगळीवर थांबेल याची हमी मी देणार नाही.”

आकड्यात सांगितल्यामुळे मला ते बरं वाटलं. एकशे तीस. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं की आता एकही दाणा चुकायचा नाही. भात बंद, केळं बंद, बटाटा बंद. ज्वारीची भाकरी दीड. दूध अर्धा कप, सायीशिवाय. पहिल्या आठवड्यात आकडा दोनशेच्या खाली आला, मग एकशे पंच्याऐंशी, मग एकशे सत्तर. खड्ड्याचा तळ लालसर व्हायला लागला. नर्स म्हणाली, लाल म्हणजे चांगलं.

तेव्हाच माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. तासगावकडे दिलेली, घरची द्राक्षबाग, बेदाण्याची शेड. आईच्या माघारी आम्हाला तिनेच बघितलं, आणि ते ती अजून संपल्याचं मानत नाही. पायाची पट्टी बघून ती खुर्चीत बसलीच नाही, खाली फरशीवर बसली आणि पाय मांडीवर घेतला.

“वाळलायस की रं. काय खातोस तरी?”

“भाकरी, भाजी.”

“आन् ग्वाड?”

“गोड कुठलं अक्का. गोळीचा चहा.”

“शी! त्यो चहा हाय व्हय? घासलेटात बोट बुडवून चोखल्यागत लागतोय.” ती बायकोकडे वळली. “अगं, ह्याला कायतरी बिनसाखरेचं करून घालायचं.”

“केलं ना वन्सं. पुरण केलं, शिरा केला. काही गळ्याखाली उतरत नाही त्यांच्या.”

“तुला जमायचं न्हाई ते. मी बघते.”

आठवड्याने तिने माणसाबरोबर डबा धाडला. लाडू होते, तपकिरी, चकचकीत, डिंक आणि खोबऱ्याच्या वासाचे. मी लगेच फोन लावला. मला विचारल्याशिवाय चालत नाही.

“अक्का, साखर आहे का यात?”

“साखरंचा कण न्हाई.”

“गूळ?”

“न्हाई.”

“काकवी? मध?”

“न्हाई म्हंजे न्हाई. पोरांची आन. शेंगदाणं हायत, डिंक हाय, खोबरं हाय, घरचा माल घातलाय. खा गुमान. वकिलागत इचारतोय.”

यादी संपली होती. मी लाडू खाल्ला.

नऊ वर्षांत पहिल्यांदा तोंडात गोड आलं आणि गेलं. कल्हई नाही, गवत नाही, पोटात आवाज नाहीत. दुसरा घास घेताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायको बघत होती, म्हणून मी डिंक दातात अडकल्याचं सांगितलं. शेंगदाण्याला स्वतःचा थोडा गोडवा असतो, खोबऱ्याला असतो, डिंक तुपात फुलला की त्यालाही येतो, अशी मी मनाशी मांडणी केली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन ठरवले. डबा संपायच्या आत दुसरा यायचा.

आकडा मात्र वर जायला लागला. एकशे सत्तरवरून एकशे नव्वद, दोनशे पाच, दोनशे तीस. मी आधी यंत्रावर संशय घेतला. नव्या पट्ट्या आणल्या, प्रयोगशाळेत जाऊन ताडून बघितलं. यंत्र बरोबर होतं. मग ज्वारीवर संशय घेतला, दीडची एक केली. मग दुधावर. लाडवावर घेतला नाही, कारण लाडवाचा हिशेब मी फोनवर पूर्ण केला होता आणि तो जुळला होता.

बायकोने माझ्यावर घेतला. कामावरून आलो की ती म्हणायची, “तोंड उघडा.”

“कशाला?”

“वास बघायचाय. कोपऱ्यावरच्या हॉटेलात बासुंदी मिळते ते मला माहितेय.”

चोपन्न वर्षांचा माणूस स्वतःच्या दारात चपला न काढता आ करून उभा, आणि बायको नाक पुढे करून वास घेतेय. एकदा शेजारीण जिन्यात होती. ती म्हणाली, “काय हो, दात दुखतोय का?” बायको म्हणाली, “हो, अक्कलदाढ.” मग आत येऊन आम्ही भांडलो. मी तिला म्हणालो, तू मला चोर समजतेस. ती म्हणाली, “चोर नाही. चोराला पाय तरी असतात पळायला.” आणि स्वतःच रडायला लागली.

खड्ड्याचा तळ पुन्हा पांढरा झाला. पट्टीला वास यायला लागला. तो वास मी सांगू शकतो: भिजवून विसरलेल्या मटकीचा, आणि त्याखाली किंचित गोडसर. तो गोडसरपणा मला सगळ्यात किळसवाणा वाटायचा. मी जेवताना पाय टेबलापासून लांब ठेवायला लागलो. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन आणखी वाढवलं आणि म्हणाल्या, “काका, सोमवारी या. सोमवारी ठरवू.” काय ठरवायचं ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

त्या आधीच्या रविवारी आम्ही अक्काकडे गेलो. जायचं नव्हतं, पण तिचा फोन आला होता की तू येत न्हाईस तर मीच येते आणि राहते. हंगाम ऐन भरात, तिने शेड सोडून येणं बरं नव्हतं. बायकोने गाडी चालवली. मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसलो. रस्त्याला दोन्हीकडे हिरव्या जाळ्या लावलेल्या शेडी, ट्रॅक्टरमधून क्रेट उतरत होते.

अक्काच्या शेडमध्ये माळ्यावर माळे असतात, तारेच्या जाळ्यांचे. त्यावर द्रावणात बुडवून काढलेली द्राक्षं पसरलेली, खालच्या माळ्यावर ताजी हिरवी, वर सुकत पिवळी होत गेलेली. बाहेरून बघताना छान दिसतं. आत गेलं की हवा चिकट लागते. जमिनीवर फुटलेल्या मण्यांचा रस वाळून काळा झालेला, चपलेला चिकटून प्रत्येक पावलाला चट् आवाज येत होता. गांधीलमाश्या घोंघावत होत्या. गंधकाच्या धुरीचा वास आणि आंबलेल्या रसाचा वास एकात एक. अक्काने मला कडेला बेदाण्याच्या पोत्यांच्या थप्पीपाशी खुर्ची दिली आणि पाय एका उलट्या क्रेटवर ठेवला.

“हितं वारा लागतोय. बस निवांत. तुझ्यासाठीच काम चाललंय.”

समोर पोत्यावर दोन बायका माल निवडत होत्या. पिवळा एकीकडे, तपकिरी एकीकडे, काळा आणि चेपलेला एका घमेल्यात. अक्काने ते घमेलं उचललं, पाण्यातून काढलं, देठ काढले आणि ओट्यावर ठेवलेल्या मिक्सरमध्ये घातलं. गर्र आवाज झाला. तिने भांडं परातीत उपडं केलं. काळपट, चकचकीत गोळा हळूहळू सुटून खाली पडला. परातीत आधीच भाजलेल्या दाण्यांचा कूट होता. गोळा जवळजवळ त्याच्याएवढाच.

मी विचारलं, “अक्का, हे काय?”

“तुझ्या लाडवाचं. बाजारात ह्या मालाला कोण इचारत न्हाई, पर खायाला ह्योच चांगला.”

“बेदाणा?”

“मग? घरचा माल म्हनलं हुतं की तुला.”

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी मनात आकडेमोड केली, ती थांबवता येत नाही. लाडवाचं वजन मी पहिल्याच दिवशी करून ठेवलं होतं, पंचेचाळीस ग्रॅम. त्यात निम्मा बेदाणा. बेदाण्यात ढोबळमानाने दोन तृतीयांश साखरच असते, पाणी गेलेलं आणि गोडवा राहिलेला. दिवसाला चार. म्हणजे साठ ग्रॅम. चहाचे बारा चमचे. चहातली दोन चमचे साखर सोडली म्हणून मी नऊ वर्षं कल्हई चाटत होतो.

“अक्का,” मी म्हणालो, “यात साखर असते.”

“कशात?”

“बेदाण्यात. भरपूर.”

ती हसली. “तुझं डोकं फिरलंय. साखर कारखान्यात हुती. ह्यो येलीवर आलाय. फळ हाय ते. ग्वाड लागतंय म्हनून काय साखर हुती व्हय? आवं, सांगा की ह्याला,” तिने निवडणाऱ्या बायकांकडे बघितलं. त्यातली एक म्हणाली, “आमी तर दिसभर तोंडात टाकतोय. आमाला कुटं झालीय साखर.”

“गोड लागतं, कारण साखर असते. उसातल्या साखरेचीच जातभाई.”

“मग डाक्टर लोक फळं खा म्हनत्यात ते?”

मी उत्तर देणार होतो, आकड्यासकट. पण अक्काचं लक्ष माझ्या तोंडावरून खाली गेलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं आणि डोळे बदलले.

“हालू नगो,” ती म्हणाली.

पोत्यांच्या थप्पीच्या खालून लाल मुंग्यांची एक रांग निघाली होती. ती जमिनीवरून क्रेटवर चढली होती, क्रेटवरून माझ्या टाचेवर, आणि पायाच्या कडेने पट्टीत शिरत होती. करंगळीपाशी, जिथे पट्टी ओली झाली होती. शेडभर साखर पसरलेली असताना त्यांनी ते ठिकाण निवडलं होतं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. आत जाणाऱ्या होत्या आणि बाहेर येणाऱ्याही होत्या. एकीच्या तोंडात काहीतरी पांढरं होतं.

मला काहीच वाटत नव्हतं. गुदगुल्यासुद्धा नाहीत.

बायको ओरडली. अक्का ओरडली नाही. ती खाली बसली आणि लुगड्याच्या पदराने झाडायला लागली. मुंग्या पदरावर, तिच्या हातांवर चढल्या, तिला डसल्या, ती झाडत राहिली. पट्टी सोडली तेव्हा आतला कापूस हलत होता. मी तेव्हा बाजूला वाकलो आणि सकाळचे दोन लाडू तिथेच, तिच्या मालाच्या शेजारी, बाहेर पडले. त्यांचाही वास गोड होता. निवडणाऱ्या बायकांनी पोती उचलून लांब नेली.

ठरवायला सोमवारची वाट बघावी लागली नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. चिमटा आत गेला आणि कशाला तरी टक् लागला. “हाड आहे,” त्या म्हणाल्या. मी लाडवाचं सांगितलं, प्रमाणासकट. त्यांनी डोळे मिटून घेतले. “काका, तुम्ही आकड्यांतले माणूस ना?” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी करंगळी काढली. कमरेखाली बधीर केलं होतं. ऐकू येत होतं.

अक्का तीन दिवस रुग्णालयात होती, पण खोलीत येत नव्हती. बाहेर बाकावर बसायची. तिचे हात मुंग्या डसून सुजले होते. भेटायला येणारे आत यायचे आणि काय काय घेऊन यायचे: बिस्किटांची पाकिटं, तीच, साखर शून्य, शहाळी, एकाने पेढे आणले, “तुम्ही नका खाऊ, घरच्यांना द्या” म्हणत. खोलीत फिनेल आणि खव्याचा वास एकत्र यायला लागला. तिसऱ्या दिवशी मी बायकोला म्हणालो, सगळं उचल आणि टाक, कुणाला देऊही नकोस. तिने एका पिशवीत भरून तोंड बांधलं.

आणि त्याच संध्याकाळी, पाय पांढऱ्या बोळ्यासारखा उशीवर ठेवलेला असताना, जेवण झाल्यावर मला लाडू हवासा वाटला. स्पष्ट, नाव घेऊन. तोंडाला पाणी सुटलं. शेडमधलं सगळं डोळ्यांसमोर होतं, तो हलणारा कापूससुद्धा, आणि तरीही सुटलं. स्वतःची एवढी किळस मला उष्ट्या वाटीच्या वेळीही आली नव्हती. मी लाळ रुमालात थुंकली.

चौथ्या दिवशी पट्टी बदलायच्या वेळी अक्का आत आली. नर्स म्हणाली, “आजी, बाहेर थांबा.” अक्का म्हणाली, “तूच थांब गं जरा,” आणि पायाशी येऊन उभी राहिली. पट्टी सुटली. टाक्यांची रांग, फुगलेली कड, पलीकडे शेजारचं बोट, थोडं निळसर. तिने नाकाला पदर लावला नाही. सगळं बघितलं.

“ह्ये बी जानार हाय का?” तिने शेजारच्या बोटाकडे बघत विचारलं.

“साखर खाली आली तर नाही,” नर्स म्हणाली.

अक्का खाटेच्या कडेला बसली. “मला सांग,” ती मला म्हणाली, “कशाकशात असती. पयल्यापास्नं सांग. एक बी सोडू नगो.”

मी सांगायला लागलो. बेदाणा, खारीक, मनुका. द्राक्षं. आंबा, चिक्कू, केळं.

“उसाचं सांगू नगो, ते ठावं हाय.”

“भात.”

“भातात?”

“पोटात गेल्यावर होते. चपातीची होते. बटाट्याची, साबूदाण्याची.”

“उपासाला खातूय की आपन!”

“होते, अक्का. भाकरीचीसुद्धा होते, हळूहळू.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच हे सगळं केलंय. नर्सने नवी पट्टी गुंडाळायला घेतली. “काय घान रोग हाय रं,” अक्का म्हणाली, “भाकरीत बी शिरतोय.” सुजलेल्या बोटांनी मोजत होती, ओठ हलत होते. तिच्या स्वयंपाकघरातलं एकेक काढून बघत असणार.

“मेथीत?” तिने विचारलं.

“मेथीत नाही.”

“चाकवतात? पोकळ्यात?”

“नाही.”

“ताकात?”

“आंबट असलं तर फारशी नाही.”

“मग उद्यापास्नं त्येच,” ती म्हणाली आणि उठली. दारापाशी गेल्यावर वळली. “लाडू मागशील बघ तू. मला ठावं हाय तुला. मागितलास तर थोबाडीत दीन.”

“कालच आठवण झाली,” मी म्हणालो. तिला खोटं सांगून उपयोग नव्हता.

ती परत आली, आणि खरंच मारली. जोरात नाही, पण नर्सने वर बघितलं एवढी. मग पिशवी घेऊन मेथी आणायला बाजारात गेली.